विमानतळ वाढतो तेव्हा शेजारच्या नाल्याचं काय होतं, आणि ते अहवालात कुठे शोधायचं?

प्रश्न दक्षिण नागपुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "विमानतळ मोठा होत असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण अशा विस्ताराच्या वाटेत नाले असतात, बोड्या म्हणजे शिवारातली लहान तळी असतात, एखादा तलाव असतो. पर्यावरण अहवाल शेकडो पानांचा. तो आमच्यासारख्याने वाचायचा कसा आणि जनसुनावणीत नेमकं विचारायचं काय? शिवाय काही विचारलं की विकासाला विरोध करता असं ऐकावं लागतं."

ताई, सव्वीस वर्षं मी अशा अहवालांमधलं पाण्याचं प्रकरण लिहिलं, आणि आता दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतो. अहवाल हाती आला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका. पाण्याचं प्रकरण उघडा आणि पाहणी कोणत्या महिन्यांत झाली तेवढं आधी पाहा. "मार्च ते मे" असं दिसलं तर पेन्सिलीने गोल करा. तुमचे निम्मे प्रश्न त्या गोलातूनच निघतील.

कारण असं. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना या सगळ्या कामाचा पाया आहे. विमानतळ तिच्या अनुसूचीत ७(अ) या नोंदीखाली येतात. अहवालासाठी परिसराची मूळ स्थिती किमान एका हंगामात मोजावी लागते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरलेला आहे. हवेसाठी हे बरोबर आहे. पावसाने धूळ बसते, मग हवेचे आकडे उगाच चांगले येतात. पण तोच नियम नाल्याला लावला की काय होतं? नाला ज्या महिन्यांत नाला असतो, नेमके तेच महिने गळतात. नियम पाळूनही नाला न पाहता अहवाल पूर्ण होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा तसाच होतो.

हे मी स्वतः केलं आहे म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातल्या एका कारखान्याच्या जागेची पाहणी करायला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. नाला म्हणजे कोरडी रेती, मधे बेशरमाची झुडपं. मी तक्त्यात लिहिलं: "हंगामी नाला, प्रवाह नाही, नमुना उपलब्ध नाही." जवळच एक म्हातारबा बकऱ्या चारत होते. ते म्हणाले, "आत्ता काय पाहून राहिले जी तुम्ही? आखाडीनंतर या, मंग दाखवतो तुम्हाले हा नाला." मग ते मला काठावरच्या बाभळीपाशी घेऊन गेले. माझ्या डोक्याच्याही वर, फांदीच्या बेचक्यात पऱ्हाट्यांचा आणि गवताच्या काड्यांचा गुंता अडकला होता, वरून वाळलेल्या चिखलाचा लेप, त्यात खताच्या पोत्याचा एक निळा धागा. मागच्या पुराने ठेवलेला. टेप लावून मोजलं, नाल्याच्या तळापासून नऊ फूट चार इंच. मी ते टिपण नकाशासह कंपनीला दिलं. छापील अहवालात "हंगामी नाला" राहिला आणि नऊ फूट चार इंच गेले. नाल्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकून भराव झाला. दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी मागे तुंबून वरच्या अंगाच्या वावरांत तीन दिवस उभं राहिलं, सोयाबीन सडलं. तेव्हापासून मी कोणत्याही जागेवर गेलो की आधी झाडाच्या फांद्या पाहतो आणि मग पायाखाली.

नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तोही सारखा वाटून येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये माणसं झोपेत असताना पाणी घरात शिरलं. माणसं दगावली. त्या दिवशी शहराला कळलं की ज्याला आपण नाला म्हणतो ती नदी आहे आणि तिला जागा लागते. विमानतळाच्या अहवालात तुम्हाला शोधायचं आहे ते एवढंच, की अशा रात्री पाणी कुठून येणार, किती वेळात येणार आणि कुणाच्या दारात जाणार.

थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. एक हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी. चार किलोमीटर लांब आणि ६० मीटर रुंद धावपट्टी म्हणजे २४ हेक्टर. १०० मिलिमीटरच्या पावसात तिच्या एकटीच्या पाठीवरून २४,००० घनमीटर पाणी उतरतं. टॅक्सी-वे, विमानं उभी करायचं ॲप्रन, टर्मिनल, पार्किंग, रस्ते हे सगळं वेगळं.

आता उदाहरणादाखल ४०० हेक्टर पाणलोटाचा एक नाला धरा. पुराचा अंदाज काढायला छोट्या पाणलोटात आम्ही रॅशनल सूत्र वापरतो: वाहून येण्याचं प्रमाण गुणिले पावसाचा ताशी जोर गुणिले क्षेत्र, भागिले ३६०. सगळी शेती असेल, प्रमाण ०.४ आणि जोर ताशी ६० मिलिमीटर धरला, तर सेकंदाला सुमारे २७ घनमीटर. त्यातले १२० हेक्टर काँक्रीट-डांबराखाली गेले, तिथे प्रमाण ०.९, म्हणजे सरासरी ०.५५. उत्तर जवळपास ३७. बहुतेक अहवाल इथे थांबतात. पण पक्क्या गटारातून पाणी लवकर पोचतं, त्यामुळे हिशेबाला धरायचा पाऊस कमी वेळाचा आणि अधिक जोराचा असतो. तो ताशी ८० धरला की उत्तर ४९ येतं. त्याच नाल्याला जवळपास दुप्पट पाणी. सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहिलं तरी ३ बाय ३ मीटरचे दोन बॉक्स कल्व्हर्टही, म्हणजे भरावाखालून पाणी काढणाऱ्या काँक्रीटच्या चौकोनी मोऱ्याही, त्याला अपुऱ्या पडतात. म्हणून सुनावणीत पहिला प्रश्न हा ठेवा: "विस्तारानंतरच्या हिशेबात पाणी जमा होण्याचा वेळ बदलला आहे का? कोणत्या पानावर?"

यावर तुम्हाला एक उत्तर हमखास मिळेल आणि ते पूर्ण खोटं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ते म्हणतील, ही काळी भारी जमीन आहे, ती ऑगस्टमध्ये तशीही पाणी मुरवत नाही, मग काँक्रीटने असा काय फरक पडणार? खरं आहे. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी जमीन पहिल्या पावसात घटाघटा पिते, पण एकदा फुगून मिटली की वरचं पाणी वरच राहतं. मात्र त्या पाण्याला शिवारात थांबायला जागा असतात. धुऱ्याला अडून ते उभं राहतं, लवणात साचतं, बोडीत उतरतं, बांधीतून बांधीत झिरपतं. एक हेक्टरची, सरासरी दीड मीटर खोल बोडी १५,००० घनमीटर पाणी धरते, म्हणजे दीड कोटी लिटर. ती बुजवली, धुरे सपाट केले, की तेवढं थांबणं गेलं. जमीन किती मुरवते यापेक्षा शिवार किती वेळ अडवून धरतं, हा आपल्याकडचा खरा हिशेब आहे. अहवालात मुरण्याचा तक्ता असतो, थांबण्याचा नसतो. तो मागा.

"नाला वळवण्यात येईल" हे वाक्य दिसलं की सावध व्हा. सरळ रेषेत, काटकोनात, कुंपणाच्या कडेने नाला काढणं आराखड्यावर सोपं असतं. मुंबईत मिठी नदीला विमानतळाच्या धावपट्टीसाठी खालून-कडेने वाकवलं गेलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्या वाकणांचं मोल सगळ्यांनी पाहिलं. चेन्नईत दुय्यम धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पुढे नेली. डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळ अनेक दिवस बंद होता. कोचीचा विमानतळ चेंगल तोडु नावाच्या ओढ्यावरून गेलेला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तो १५ तारखेपासून २९ तारखेपर्यंत बंद राहिला. ही उदाहरणं सुनावणीत जरूर सांगा. ओढा जपण्याची मागणी शेतकऱ्याच्या फायद्याची आहेच, पण ती विमानतळाच्याही तेवढीच फायद्याची आहे. पाण्याखाली गेलेल्या धावपट्टीवर कुणाचंच विमान उतरत नाही.

आणि आग्रह धरला तर आराखडा बदलतो, हेही घडलं आहे. नवी मुंबई विमानतळाच्या मूळ आराखड्यात उलवे आणि गाढी या दोन्ही नद्यांचे प्रवाह वळवायचे होते. नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळेपर्यंत चर्चा होऊन गाढी आहे तशी ठेवायचं ठरलं, उलवे वळवली गेली. एक नदी गेली हे दुःखच आहे. पण दुसरी राहिली ती कुणीतरी चिकाटीने विचारत राहिलं म्हणून.

आता नागपूरपुरतं. तुमच्या घराजवळचा सोनेगाव तलाव भोसलेकाळातला, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. पोहरा नदीचा उगम त्याच भागातला. नाग अंबाझरीच्या बाजूने येते, पिवळी गोरेवाड्याकडून, आणि हे सगळं पाणी शेवटी कन्हानमार्गे वैनगंगेत, म्हणजे गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. नागपूरची घाण गोसीखुर्दपर्यंत पोचते हे भंडाऱ्याच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. दक्षिणेकडे पुढे गेलं की पाणलोट बदलतो. बुटीबोरीकडचं पाणी वेणा नदीला मिळतं, तिथून हिंगणघाटवरून वर्धा नदीत. त्यामुळे या भागातल्या कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या अहवालात पाणी दोन्हीपैकी कोणत्या खोऱ्यात उतरतं ते समपातळी रेषांच्या नकाशावर दाखवलेलंच असलं पाहिजे. जमीन भराव घालून सपाट केली की जुना उंचवटा सरकतो, आणि पूर्वी एका नाल्याला जाणारं पाणी दुसऱ्याच्या माथी बसतं. विस्तारापूर्वीचा पाणलोट आणि विस्तारानंतरचा पाणलोट, असे दोन नकाशे शेजारी-शेजारी मागा. एकच नकाशा असेल तर काम अर्धवट आहे.

नाला मुळात होता का, यावरूनही वाद होतो. इथे विदर्भातल्या लोकांकडे एक भक्कम पुरावा असतो, जो फार थोडे वापरतात: निस्तार पत्रक. जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून गावाचे पाण्याचे, चराईचे, सरपणाचे हक्क त्यात नोंदवलेले आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६१ मध्ये त्याला आजही जागा आहे. कलम १६५ मधलं वाजिब-उल-अर्ज त्याच्याच जोडीचं, वहिवाटीची नोंद करणारं. बोडीचं पाणी कुणी घ्यायचं, मासे कुणी धरायचे, गुरं कुठून उतरवायची, हे त्यात सापडतं. तहसील कार्यालयात अर्ज करून नक्कल काढा. भूमी अभिलेखकडून जुना गाव नकाशा घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर, प्रवाहाची काळी रेघ असेल तर तो पावसाळी प्रवाह आहे, म्हणजे आहेच. त्यानंतर उपग्रहाची चित्रं, पण ऑक्टोबरची, मे महिन्यातली नकोत. हे चार कागद एकावर एक ठेवले की "डबकं" म्हणून लिहिलेली बोडी पुन्हा बोडी होते.

पाणथळ जागांचा कायदा मात्र तुम्हाला वाटतो तेवढा उदार नाही, आणि इथे कार्यकर्ते हमखास ठेचाळतात. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मधून नदीपात्र, भातखाचरं, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. विदर्भातले माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव) आणि बोड्या या व्याख्येबाहेर ढकलल्या जाण्याची भीती त्यामुळे खरी आहे. म्हणून सगळा भार त्या नियमांवर टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ जागांना संरक्षणाची तत्त्वं लागू केली. तुमचा तलाव त्या यादीत आहे का ते पाहा. गावतळ्यांवरच्या अतिक्रमणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचाच २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे. आणि या सगळ्यांहून सोपा आधार अधिसूचनेतच आहे. प्रकल्पाच्या मूळ अर्जात, ज्याला फॉर्म १ म्हणतात, १५ किलोमीटरच्या आतल्या पाणथळ जागा, प्रवाह आणि इतर जलसाठे लिहायला वेगळा रकाना आहे. तिथे व्याख्येचा घोळ नाही. पाणी असेल तर लिहायचं.

ही माहिती दडवली तर काय होतं याचा धडा गोव्यातल्या मोपा विमानतळाने दिला. त्या प्रकल्पाच्या अर्जातली आणि मूल्यांकनातली माहिती अपुरी असल्याचं पाहून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला लावला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली, आणि त्या अटी पाळल्या जातात का यावर देखरेख ठेवायचं काम आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे सोपवलं गेलं. प्रकल्प झाला, विमानंही उडाली. पण अर्जातल्या रकान्यांना वजन असतं हे त्या निकालाने देशभरातल्या सल्लागारांना कळलं. माझ्याच टेबलावर त्यानंतर आलेल्या मसुद्यांत जलसाठ्यांच्या याद्या लांबल्या.

पक्ष्यांचा भाग सर्वांत अवघड, आणि इथे मला दोन्ही बाजू पटतात. हिवाळ्यातल्या सकाळी सोनेगावसारख्या तलावाच्या काठावर उभं राहून पाहा. हळदीकुंकू बदकं जोडीने पोहत असतात, कमळपक्षी पानांवरून चालतो, टिटवी उगाच ओरडत उठते, आणि तेवढ्यात डोक्यावरून उतरणारं विमान जातं. वैमानिकाच्या दृष्टीने उडणारा थवा हे संकट आहे. त्याच्या मागे दीडशे माणसं बसलेली असतात. त्यामुळे "पक्षी धोका व्यवस्थापन" या मथळ्याखाली पाणथळ जागा बुजवण्याची सूचना अहवालात सुरक्षेचा उपाय म्हणून येते. ती वाचून लगेच रागावू नका; आधी पक्ष्यांची मोजणी पाहा. किती पक्षी, कोणत्या जातीचे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती उंचीवरून आणि कोणत्या दिशेने उडतात. विमानाला धोका बहुतेक वेळा घारींचा आणि गायबगळ्यांचा असतो, आणि ते तळ्यापेक्षा कचऱ्याच्या ढिगाकडे, मांसाच्या तुकड्यांकडे, गवत कापताना उडणाऱ्या किड्यांकडे ओढले जातात. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला विमान नियम, १९३७ च्या नियम ९१ ने मनाई केलेली होती, ती याच कारणासाठी. कचऱ्याचं काहीच न बोलता तळं बुजवायला निघालेला अहवाल उलट्या टोकाने सुरू झाला आहे.

याचीच दुसरी बाजू, जी तुमच्यासारख्या निसर्गप्रेमी माणसांना आवडत नाही. बुजवलेल्या बोडीच्या बदल्यात विमानतळाच्या कुंपणालगत छानसं नवं तळं करून द्या, अशी मागणी करू नका. नवं पाणी धावपट्टीजवळ आणणं खरोखरच धोक्याचं आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची शिफारस अशी आहे की जेट विमानांच्या धावपट्टीपासून १०,००० फूट, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर, पक्षी ओढणारं काही नवं करू नये, आणि पावसाचं पाणी अडवायचं झालं तर ४८ तासांत ते पूर्ण रिकामं व्हावं. ही दिशा आपल्यालाही उपयोगाची आहे. कुंपणाच्या आत दोन दिवसांत कोरडे पडणारे, उतार असलेले, पाणी अडवणारे हौद मागा, ज्यामुळे पुराचा शेंडा कापला जाईल. आणि पाणथळीची भरपाई त्याच खोऱ्यात, पण विमानाच्या वाटेपासून दूर, एखाद्या गाळाने भरलेल्या मामा तलावाचा गाळ काढून आणि पाळ दुरुस्त करून मागा. गाव पाहून, मासेमारांची संस्था पाहून, तलावाचं नाव लिहून मागा.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दल फार लांबवत नाही. ॲप्रनवर इंधन सांडतं, ते पहिल्या पावसात वाहतं. तेल वेगळं काढणारा सापळा कुठे आहे आणि त्यातला गाळ कोण नेतं, हे विचारा. अग्निशमनाच्या सरावाची जागा मात्र नकाशावर आवर्जून शोधा. काही प्रकारच्या फेसात अशी रसायनं असतात जी जमिनीत आणि विहिरीत वर्षानुवर्षं टिकतात. ती जागा नाल्याच्या काठावर असता कामा नये. भरावाला लागणारा मुरूम कुठून येणार तेही पाहा. टेकडी तिसऱ्याच गावाची फुटते आणि तिचा उल्लेख एका ओळीत आटोपलेला असतो.

आता प्रक्रियेतली तुमची जागा. सगळे लोक जनसुनावणीची वाट पाहतात, पण पाण्याच्या दृष्टीने त्याआधीचा टप्पा मोलाचा आहे. अर्ज आल्यावर तज्ज्ञ मूल्यांकन समिती अभ्यासाच्या अटी ठरवून देते, टर्म्स ऑफ रेफरन्स. पावसाळ्यात नाल्याचं मोजमाप, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब, बारा महिन्यांची पक्षीगणना, हे त्या अटींत लिहिलं गेलं तर सल्लागाराला करावंच लागतं. नंतर मागितलं तर "अटींत नव्हतं" हे उत्तर तयार असतं. अर्ज केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर दिसतो. तो दिसला की लगेच समितीला लेखी कळवा.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, महापालिका अशा ठिकाणी वाचायला ठेवावा लागतो, आणि सारांश मराठीत असावा लागतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचे नसलेले प्रतिनिधी असतात, आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. बोलायला मिळो न मिळो, लेखी द्या आणि पोच घ्या. "आमचा नाला वाचलाच पाहिजे" असं लिहिलं तर उत्तरात "सूचनेची नोंद घेतली" एवढंच येतं. त्याऐवजी असं लिहा: "अहवालाच्या अमुक पानावर नाल्याची रुंदी ४ मीटर दिली आहे. आम्ही २ ऑगस्टला गावपुलापाशी मोजली, ती ११ मीटर भरली. फोटो आणि मोजणाऱ्यांच्या सह्या सोबत आहेत. कल्व्हर्टचा हिशेब कोणत्या रुंदीवर केला ते सांगावं." याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर अंतिम अहवालाला जोडलं जातं.

मंजुरी निघाली आणि ती चुकीची वाटली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळतात. त्यानंतर दार बंद. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल प्रकल्पवाल्यांना दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो वाचणारं गावात कुणी नसेल तर त्या अटी कागदावरच राहतात.

विरोधाचा शिक्का बसतो म्हणालात. बसतो. माझ्यावरही बसला, आणि तेही मी विमानतळासाठीच काम करत असताना. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: हातात मोजमाप ठेवायचं. दोरीने, टेपने, तारखेसह घेतलेलं मोजमाप पाहिलं की समोरचा अभियंता विरोधक-समर्थक विसरतो आणि आकड्यावर बोलायला लागतो, कारण तोही मुळात त्याच भाषेतला माणूस असतो.

तुमच्या शाळेत नववीची मुलं असतील. मृग लागायच्या आधी त्यांना घेऊन नाल्यावरच्या पुलापाशी जा. पुलाच्या खांबावर तळापासून दर अर्ध्या फुटाला पांढऱ्या ऑइलपेंटने पट्टा मारा आणि शेजारी आकडा लिहा. पावसात मुलांना पाण्याजवळ पाठवू नका, पट्टे पुलावरून किंवा काठावरून दिसतील एवढे ठळक करा. जवळ राहणाऱ्या एकाने रोज सकाळी आठ वाजता आणि जोराच्या पावसानंतर दर तासाला फोटो काढायचा, वहीत वेळ आणि आकडा लिहायचा. एक जुनी वही पुरते. आणि पहिला फोटो आताच, नाला कोरडा असतानाचा काढून ठेवा.